कडक रिंग, नरम रिंग

सर्जनांनी टेबलाच्या खणातून एक चपटी डबी काढली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. आत स्पंजात रुतवलेल्या तीन रिंगा होत्या. "या नुसत्या दाखवायच्या आहेत. हात लावून बघा," ते म्हणाले.

मी पहिली उचलली. पांढऱ्या कापडात शिवलेली, पूर्ण बंद, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची. आत टायटॅनियम होतं. चिमटीत धरून दाबली तर तसूभर हलली नाही. दुसरी दिसायला तशीच, पण दाबली की जराशी वाकायची आणि सोडली की जागेवर यायची. तिसरी एका बाजूनं उघडी होती, आणि इतकी मऊ की परकराच्या नाडीसारखी बोटाभोवती गुंडाळता आली असती. सर्जनांनी त्यांची इंग्रजी नावं सांगितली. ती मला पाठ झाली, पण पुढे वॉर्डात आम्ही कडक, मधली आणि नरम असंच म्हणत राहिलो.

हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक झडप असते. तिचे दोन पडदे माझ्या बाबतीत नीट मिटत नव्हते. खाली गेलेलं रक्त उलटं वर यायचं आणि फुप्फुसांत साचायचं. त्यामुळेच शाळेचे दोन जिने चढून वर्गात पोचले की मला हजेरी घेता येत नसे; मी मुलांना आधी काहीतरी लिहायला द्यायची आणि खुर्चीत बसून राहायची. झडपेचं तोंड पसरलंय, सर्जन म्हणाले. पडदे दुरुस्त करायचे आणि तोंडाभोवती रिंग शिवून ते पुन्हा मापात आणायचं. कडक रिंग आकार घट्ट धरून ठेवते. नरम रिंग हृदयाच्या ठोक्याबरोबर हलते, त्याची नैसर्गिक हालचाल मारत नाही. मधलीत दोन्हींचं थोडं थोडं.

"यातली सगळ्यात चांगली कोणती, डॉक्टर?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. तो मिहानच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. कोणतीही वस्तू दुसरीशी ताडून पाहायची त्याची सवय.

"असं सांगता येत नाही. आत झडप पाहिल्यावर ठरवीन. दुरुस्त होण्यासारखी नसलीच, तर धातूची नवी बसवावी लागेल. मग जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या."

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते, मुलगी दुसरीत होती. लहानपणी मला एकदा घसा दुखून ताप आला होता, मग गुडघे सुजले, मग घोटे. आई गरम विटेनं शेकायची. सांध्यांची सूज महिन्याभरात उतरली आणि सगळे विसरून गेले. तो ताप सांध्यांतून उतरून हृदयात जाऊन बसला होता, हे कळायला मधली इतकी वर्षं जावी लागली.

मी दवाखान्यात भरती झाले त्या दुपारी शेजारच्या खाटेवर एक बाई मांडी घालून संत्रं सोलत बसली होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, किरकोळ अंगाची. कळमेश्वरची. तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला होती. नर्स तिला कळमेश्वर म्हणायच्या आणि मला, माझ्या वस्तीवरून, धरमपेठ. आमची नावं फाइलवरच राहिली.

"ताई, तुमाले दाखवल्या का रिंगा?" तिनं पहिल्याच वाक्यात विचारलं.

"दाखवल्या."

"मंग कोणती आवडली?" दुकानातून आल्यासारखं विचारलं तिनं, आणि स्वतःच हसली. हसताना तिला दम लागला, तो संपेपर्यंत मी थांबले. मग तिनं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. या झडपेनं बाळंतपण झेपणार नाही असं तिला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "डाक्टर म्हणे, रिंग बसली तं लेकरू होऊ शकते. धातूचा वाल्व टाकला तं त्या गोळ्या आल्या, अन् त्या गोळ्यात लेकराचं कठीण. म्हणून मी देवाले येवढंच म्हणून राहिली, का रिंगच बसू दे बाप्पा. कोणतीबी बसू दे."

तिची शस्त्रक्रिया माझ्या आधी झाली. तिला नरम बसली. मला कडक. मी शुद्धीवर येऊन वॉर्डात परतले तेव्हा सर्जनांनी राउंडला दोघींच्या खाटांमध्ये उभं राहून कारण सांगितलं. माझ्या झडपेचं तोंड फारच पसरलं होतं, त्याला घट्ट धरणारं काहीतरी हवं होतं. तिचं हृदय लहान, तोंड फार बिघडलेलं नव्हतं. तिथे छोटी कडक रिंग घातली असती तर वाटच अरुंद झाली असती. दोघींचंही छान झालंय, ते म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

खोकला आला की छातीशी उशी आवळून धरायची असे. आम्ही एकमेकींना उशी धरायची आठवण करून द्यायचो. संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये चालायला सांगायचे, तेव्हा ती पुढे आणि मी मागे. कोपऱ्यावर थांबून ती म्हणायची, "माही नरम हाय ना, म्हणून झपझप चालते. तुमची कडक, ते दम खाते."

तिनं हे गमतीत म्हटलं, पण माझ्या सासूबाईंनी ऐकलं आणि मनावर घेतलं. घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या म्हणत होत्या, आपण नरमच सांगायला हवी होती. नवरा इंटरनेटवर दोन्ही रिंगांबद्दल वाचून मला समजावायचा. तिकडे कळमेश्वरला तिचा नवराही तेच करत होता. तो एका कारखान्यात वेल्डर होता. जोडकामाच्या चित्रफिती पाहतो तशाच त्यानं हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या पाहिल्या आणि नरम रिंगेत हृदय मोकळं राहतं, असं तो सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे दोघांच्याही हातात काही नव्हतं. रिंगा शिवून झाल्या होत्या.

दर तीन आठवड्यांनी आम्हाला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे, तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून. ते कमरेत फार दुखतं. घरासमोरच्या दवाखान्यात मी ते घेऊ शकले असते, पण आम्ही दोघी ठरवून एकाच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचो. ती एसटीनं यायची. इंजेक्शन झालं की दोघी लंगडत कँटीनला जायचो. तिथल्या खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या, तिला एका बाजूवर टेकून बसावं लागे. चहा आला की ती विचारायची, "काय म्हणते तुमची?"

"गप्प आहे."

"माही बी."

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला की तपासणाऱ्या बाई गळतीचा एक शब्द सांगायच्या. ट्रिव्हियल, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. तिनं सातवीनंतर शाळा सोडली होती, पण हे चार शब्द तिला लगेच पाठ झाले. सुरुवातीला दोघींचंही ट्रिव्हियल होतं, म्हणजे नसल्यासारखं. एकदा मी तिला मेट्रोनं सीताबर्डीला नेलं. स्टेशनच्या तपासणीच्या दारातून आत शिरायला ती घाबरत होती. मी आधी गेले, तिला म्हटलं, बघ, माझी धातूची आहे तरी वाजली नाही. मग ती पदर आवरून आत शिरली आणि पलीकडे पोचल्यावर इतक्या मोठ्यांदा हसली की शिपाईसुद्धा हसला. तिनं त्या दिवशी बाळाचं झबलं घेतलं. अजून काहीच नव्हतं, तरी घेतलं. मी घेऊ नको म्हटलं नाही.

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी तिचं माइल्ड झालं. माइल्डनं काही होत नाही, असं सगळेच म्हणाले. तिनं डॉक्टरांना मुलाचं विचारलं. त्यांनी आपसांत बोलून सांगितलं की करायचं असेल तर उशीर करू नका, आणि दर महिन्याला दाखवत राहा.

मी नववीच्या वर्गावर होते तेव्हा तिचा फोन आला. वर्गात फोन घेत नाही मी, पण तिचं नाव पाहून बाहेर आले.

"ताई, राहिलं." एवढंच म्हणाली. मग रडायला लागली. मीही व्हरांड्यात कठड्याला टेकून रडले. आत मुलं गोंधळ करत होती.

पाचव्या महिन्यापर्यंत ठीक होतं. सहाव्यात ती आडवी झोपू शकेना. फोनवर आवाज तुटायचा. "झोपली तं पाण्यात बुडून राहिल्यासारखं वाटते वं ताई. भिंतीले टेकून बसून राहते." मी म्हटलं, आत्ता उठ आणि ये. तिला आणलं तेव्हा पाय सुजून घागरीसारखे झाले होते. इकोवाल्या बाईंनी या वेळी शब्द मोठ्यानं म्हटला नाही. पण तिला पडद्याकडे पाहूनच कळला. "सिव्हिअर ना?" तिनंच विचारलं.

तिला सरकारी दवाखान्यात हलवलं. औषधांनी पाणी काढलं, थोडं बरं वाटलं, पुन्हा भरलं. शेवटी बाळ वेळेआधी काढावं लागलं. मुलगी होती. एका दिवसावर जगली नाही. ती स्वतः आयसीयूत ऑक्सिजनवर होती, तिनं मुलगी पाहिलीच नाही. मी पाहिली. काचेपलीकडे. ते इवले हात मला अजून दिसतात, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कॉरिडॉरमध्ये तिचा नवरा भिंतीशी उकिडवा बसला होता. मला पाहून उठला. "ताई, नरम टाकली ना, म्हणून झालं हे. तुमची पाहा, कडक, कशी धरून हाय. माह्या बायकोलेच काहून नाई टाकली कडक?"

दोन वर्षं नरमचं कौतुक करणारा हाच माणूस. मला त्याच्यासमोर माझ्या छातीतली रिंग लपवावीशी वाटली.

"तुमी शिकल्या-सवरल्या हा. तुमी चाला मासंगं, त्या डाक्टरले विचारू."

म्हणून आम्ही दोघं सर्जनांकडे गेलो. ते चिडले नाहीत. त्यांनी तिचा इको संगणकावर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. रिंग एका पांढऱ्या रेषेसारखी दिसत होती. शिवली तिथेच होती, एक टाका निसटला नव्हता. तिच्या आतले पडदे मात्र जाड झाले होते, कडांना आखडून गुंडाळले होते, एकमेकांपर्यंत पोचतच नव्हते.

"लहानपणीच्या तापानं सुरू झालेलं आहे हे," ते म्हणाले. "आम्ही चौकट नीट करतो. दार आकसत जातं, ते आम्हाला थांबवता येत नाही."

"पण इंजेक्शन घेत होती ते. एक बी नाई चुकवलं."

"हो. ते नवा ताप येऊ नये म्हणून. आधी झालेलं त्यानं भरून येत नाही."

"कडक टाकली असती तं?"

"तरी हेच झालं असतं. कदाचित वाट अरुंद होऊन आणखी लवकर."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. तिथे तिचं हृदय धडधडत होतं, पुन्हा पुन्हा तेवढेच ठोके. "मंग रिंग टाकलीच काहून?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता.

"कारण रिंगनं काही वर्षं मिळतात. किती, ते मला आधी सांगता येत नाही."

मी स्वतःचं विचारायला आले नव्हते. तरी तोंडातून गेलं. "मग माझं, डॉक्टर?"

त्यांनी माझा गेल्या वेळचा इको काढला. मी आजवर फक्त गळतीचा शब्द ऐकून खुश व्हायची. गळती त्यातही नव्हती. "तुमचं दुसऱ्या बाजूनं चाललंय," ते म्हणाले. "पडदे मिटतात, पण उघडायला जड व्हायला लागलेत. रक्त पुढे ढकलायला दाब जास्त लागतो. हळू आहे, पण आहे." मग त्या माणसाकडे न पाहता ते मला म्हणाले, "तुम्हाला मी पुढच्या तपासणीत सांगणारच होतो."

बाहेर आल्यावर त्यानं गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली. "तुमचं बी तसंच का?" इतकंच म्हणाला. त्यानंतर त्यानं रिंगचा विषय कधी काढला नाही.

ती घरी गेली. धातूची झडप बसवायची शस्त्रक्रिया करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धोका मोठा होता, फुप्फुसांतला दाब वाढला होता, पण काही न करण्यापेक्षा बरं. तिनं नाही म्हटलं. तिची आई, नवरा, दीर, सगळ्यांनी सांगून पाहिलं. मग मला बोलावलं.

मार्च असेल. कळमेश्वरचं तिचं घर कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. ट्रक गेला की पत्र्यांचा आवाज व्हायचा. ती खाटेवर तीन उशांना टेकून बसली होती. गाल आत गेले होते, गालांच्या हाडांवर तांबूस-निळी झाक होती. मी येताना काय काय बोलायचं ते ठरवून आले होते. शाळेत मी मुलांना वादविवाद शिकवते. सगळे मुद्दे मांडले.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमाले पोट्टी हाय. तुमचं आलं तं तुमी करजा. मी कोनासाठी छाती फाडून घेऊ आता? गोळ्या खायच्या, रक्त तपासाचं, अन् लेकरू तं होणारच नाई."

"तुझ्यासाठी. तुझ्या नवऱ्यासाठी."

"त्याले दुसरी भेटन." हे तिनं कडवटपणानं म्हटलं नाही. पाणी मागितलं, दोन घोट घेतले. तिला पाणीही मोजूनच द्यायचे. मग तिनं विचारलं, "माही रिंग चांगली होती ना? का खरंच ते कडक पायजे होती?"

"चांगली होती. अजून चांगली आहे. जागच्या जागी आहे, मी स्वतः पाहिली. रिंगचं काहीच चुकलं नाही."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

तिला त्यात बरं काय वाटलं, मला आजही कळलेलं नाही. मला तर उलट वाटत होतं. रिंग चुकली असती तर निदान बोट दाखवायला जागा होती. दोन वर्षं आम्ही दोघी कँटीनमध्ये बसून तुझी का माझी करत राहिलो, आणि ज्यानं ठरायचं ते त्या रिंगांच्या आत, दोघींच्याही, आपलं आपण चाललं होतं.

मी पुन्हा दोनदा गेले. दुसऱ्या वेळी ती माझा हात धरून बसली. मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात ताडपत्री बांधली होती आणि उन्हानं तिच्याखाली उभं राहवत नव्हतं. तिच्या आईनं मला पाहिलं आणि माझ्या छातीवर हात ठेवला, जिथे टाक्यांची रेघ आहे तिथे, ब्लाउजवरून. बाकीच्या बायका पाहत होत्या. मी तिचा हात तसाच राहू दिला.

नंतर मी दोन वेळा इंजेक्शन चुकवलं. मुद्दाम नाही, त्या दवाखान्यात एकटीनं जायला जमेना. मग घरासमोरच्या डॉक्टरांकडे घ्यायला लागले. ते हळू टोचतात, तरी दुखतं तेवढंच.

यंदाच्या इकोत माझ्या झडपेवरचा दाब आणखी वाढलेला निघाला. दुसरी शस्त्रक्रिया लागेल, असं सर्जन म्हणतात, पण ती केव्हा आणि तिनं किती वर्षं मिळतील, हे विचारलं की ते पेन खाली ठेवतात. मी आता फार विचारत नाही. शाळेनं माझे सगळे वर्ग तळमजल्यावर दिलेत. तिथे खिडकीशी सायकल स्टँड आहे, धड्याच्या मध्येच घंटा वाजतात.

घर मात्र तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. म्हणून नवरा तळमजल्याचा फ्लॅट शोधतोय. रविवारी आम्ही मिहानच्या बाजूला एक पाहिला. नवी इमारत, मागे मोकळं मैदान, भिंतींना रंगाचा वास. नवरा नळ सोडून पाहत होता, खिडक्या उघडून लावत होता. मी उंबऱ्याजवळच एका उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसले आणि पाहिलं की स्वयंपाकघर दारापासून जवळ आहे, म्हणजे मुलगी एकटी असली तरी तिला बेल ऐकू येईल. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची खाट बसेल. नवऱ्याला ऑफिस जवळ, तो संध्याकाळी लवकर पोचू शकेल.

"हवा छान आहे," नवरा आतून म्हणाला. "या मागच्या खोलीत सकाळी ऊन येईल. तुला कोणती खोली हवी?"

"पोरीला विचार," मी म्हटलं.